गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलायची गाडी

आमच्या बहरीनमधल्या अरादच्या गल्लीत दर शुक्रवारी सकाळी एक नवरा-बायको एक धडधाकट गाडी ढकलत नेताना दिसतात. गाडी बंद पडलेली नसते. बॅटरी नवी, टाकी भरलेली. नवरा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून एका हाताने स्टिअरिंग धरतो, बायको मागून डिकीला हात लावते, आणि कोल्ड स्टोअरच्या कोपऱ्यापर्यंत — इथे किराणा दुकानाला तेच म्हणतात — दोघं मुकाट्याने ती ढकलत नेतात. का? ते दोघांपैकी एकालाच खरं ठाऊक आहे. ती बायको म्हणजे मी. हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही, देवासमोर हात जोडले तरी या विषयाशी येऊन गप्प होते. तुम्हाला सांगते. तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही, म्हणून जमेल बहुतेक.

माझा नवरा दिगंबर कोल्हापूरचा. तिकडे गाडीचा आवाज आला नाही तर ती आजारी आहे असं समजतात. इथे तो मेंटेनन्स इंजिनिअर आहे, म्हणजे दिवसभर लोकांचे खडखडणारे एसी आणि पंप गप्प करणं हेच त्याचं काम. त्यामुळे की काय, स्वतःसाठी त्याला मोठ्ठा आवाज हवा होता. आणि बहरीन म्हणजे अशा माणसाला बिघडवायला अगदी योग्य जागा! इथल्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी अमेरिकन गाड्या उडवलेल्या, त्यांची पोरंही त्याच वाटेवर. शुक्रवारी सकाळी समुद्राकाठच्या पार्किंगमध्ये सगळे जमतात, बॉनेट उघडतात आणि हातात करक चहा घेऊन एकमेकांच्या इंजिनांकडे बघत उभे राहतात. नुसते बघतात हो! दिगंबर दोनेक वर्षं दुसऱ्यांची इंजिनं बघत होता. मग त्याने एका लग्न ठरलेल्या बहरीनी मुलाकडून चार्जर नावाची जुनी काळी अमेरिकन गाडी घेतली. कोल्हापूरला फोन करून आईला आनंदाने सांगितलं, चार्जर घेतला. त्या म्हणाल्या, बरं केलंस, जुना किती दिवस चालणार.

मी एकदा विचारलं होतं, काय एवढं आहे हिच्यात? तर म्हणाला, "अगं, जपानी गाडी हुशार असते, जर्मन गाडी शिस्तीची. हिला यातलं काही जमत नाही. वळणावर तर हिची तारांबळ उडते. पण हिच्यात ताकद आहे आणि ती हिला लपवता येत नाही. सरळ रस्त्यावर हिचा नाद करायचा नाही." आणि हे सांगताना — काय सांगू — पन्नाशीचा माणूस, डोक्यावरचे केस जवळजवळ गेलेले, आणि चेहरा नव्या दप्तराचा वास घेणाऱ्या पोराचा.

चावी फिरवली की आधी ती खाकरायची. मग आठही सिलिंडर एकदम जागे व्हायचे, माझ्या स्वयंपाकघरातले काचेचे पेले किणकिणायचे, आणि मग आवाज हळूहळू खाली उतरत एका जाड गुरगुरीवर स्थिरावायचा. दिगंबर सीटवर डोळे मिटून ऐकत बसायचा. मी खिडकीतून बघायचे. सुरुवातीला मला ते फार आवडायचं, हेही सांगायला हवं. मग आवडेनासं झालं.

मला अर्धशिशी आहे. आवाजाने डोकं उठायचं, हे खोटं नाही. पण ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं — लिहू का? — त्या पाच मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते माझ्यामुळे कधी आलेलं मला आठवत नव्हतं. एका गाडीचा मत्सर! हसा खुशाल. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

मी नुसतं म्हणाले असते ना, की दिगू, मला त्रास होतो, तर त्याने पुढच्या शुक्रवारच्या आत गाडी विकली असती. एक शब्द न बोलता. आणि तेच मला नको होतं. नवऱ्याची एकुलती एक हौस मोडणारी बायको मला व्हायचं नव्हतं. मला गाडी गप्प हवी होती आणि चांगुलपणाही माझ्याकडेच हवा होता. असं दोन्ही मिळतं का कुठे? मिळतं — तिसऱ्याचं नाव पुढे केलं की मिळतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून अबू जासिम राहायचे. म्हणजे जासिमचे वडील. इथे थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. निवृत्त, शांत, पांढऱ्या दाढीचा माणूस. त्यांची बायको उम्म जासिम, म्हणजे जासिमची आई. एका शुक्रवारी दिगंबर फेरफटका मारून आला, आणि मी पोळ्या लाटता लाटता म्हणाले, "अबू जासिमना आवाजाचा त्रास होतो म्हणे. उम्म जासिम सांगत होत्या. पण तू विषय काढू नकोस हं, त्यांना संकोच वाटेल." किती सहज म्हणाले! उम्म जासिम त्या आठवड्यात माझ्याशी एकदाच बोलल्या होत्या, कोथिंबीर आहे का म्हणून.

दिगंबरचा घास हातातच राहिला. "अरारा," म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?" पुढच्या शुक्रवारी तो एकटाच गाडी ढकलत निघाला. ती किती जड असते माहीत आहे? मी खिडकीतून बघितलं, मान लाल झालेली, शर्ट पाठीला चिकटलेला. वाटलं, दोन-चार आठवड्यांत कंटाळेल. पण तो कंटाळला नाही. कोल्हापूरचा माणूस एकदा दुसऱ्याची काळजी करायची म्हणाला की करतोच, गाडीवरच्या प्रेमाइतकंच हेही त्याच्यात आहे. हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं, मग मी काय धरून चालले होते?

त्यात भर म्हणजे तो भरपाई करायला लागला. मुंबईहून हापूस आला की पहिली पेटी शेजारी. दिवाळीचा चिवडा शेजारी. अबू जासिम बिचारे गोंधळून घ्यायचे आणि रमजानमध्ये पातेलंभर हरीस पाठवायचे. गव्हाचं आणि मटणाचं ते घोटलेलं खाताना दिगंबर म्हणायचा, "बघ, आपण एवढा त्रास दिला तरी." अशी दोस्ती जमली दोघांची. एक जण सतत माफी मागत होता, आणि दुसऱ्याला ती कशाची हे माहीत नव्हतं.

मग एक दिवस उम्म जासिमनी भिंतीवरून मला हाक मारली. "गाडी का आवाज मफी, आता नहीं? बेच दिया? खलास?" मी म्हणाले, "नाही, का?" तर त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "बुढ्ढा सुबह अंदर आँगन में चाय लेके बैठता है. हर जुम्मा पूछता है, आज भी नहीं आया?" तरुणपणी त्यांच्याकडे तसलीच एक अमेरिकन गाडी होती. लग्नानंतर त्याच गाडीतून उम्म जासिम या घरी आल्या. आमची चार्जर सुरू झाली की म्हातारा म्हणायचा, ऐक, तुझी वरात आली.

इथे तरी सांगायचं की नाही? घरात जाऊन एवढंच म्हणायचं होतं — दिगू, लाव चावी. पण मग तो विचारणार, त्रास होतो असं कोण म्हणालं होतं? मी उम्म जासिमना सांगितलं, "नया साइलेंसर डाला है." त्यांचा चेहरा जरा पडला. मी आत येऊन ओट्यावरची भांडी पुसत बसले.

गेल्या वर्षी अबू जासिम आजारी पडले. बरेच दिवस सलमानियाच्या हॉस्पिटलमध्ये होते, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ सगळ्यांनाच कळला. त्यांचा पलंग पुढच्या खोलीत लावला, गल्लीकडच्या खिडकीशी. दिगंबर म्हणाला, आता गाडी बाहेर काढतच नाही. आणि मी — मला तेव्हाही चांगलंच दिसायचं होतं — मी म्हणाले, "जा रे, तेवढाच तुझा विरंगुळा. मी मागून हात लावते, अजिबात आवाज व्हायचा नाही." माझं ढकलणं सुरू झालं ते असं.

त्या शुक्रवारी खिडकीचा पडदा बाजूला होता. अबू जासिमना उशांना टेकवून बसवलं होतं. आमची गाडी खिडकीसमोर आली तसा त्यांनी हात वर केला. चेहरा केवढा उजळला! आणि मग त्यांना दिसलं की आम्ही ती ढकलतोय. ते आत वळून काहीतरी बोलले. मिनिटभरात जासिम धावत बाहेर आला, हातात जंपर केबल. "भाई, बॅटरी खलास? बाबा बोलता है, मेरी गाडी से लगाओ, स्टार्ट करो. इधरच स्टार्ट करो."

दिगंबरने ओठांवर बोट ठेवलं. "नो नो, शुक्रन. बाबा को आराम करने दो." त्याचे डोळे भरून आले होते. त्याला वाटलं, एवढ्या दुखण्यातही हा माणूस आपला त्रास विसरून मदत पाठवतोय. जासिम केबल घेऊन तसाच उभा राहिला. मी डिकीवर दोन्ही हात टेकून उभी होते. मधे फक्त एक चावी होती. ती फिरली असती तर त्या माणसाला त्याची वरात ऐकू आली असती. मला सगळं माहीत होतं, त्या गल्लीत फक्त मलाच. दिगंबर म्हणाला, "चल." आणि मी जोर लावला.

पुढच्या शुक्रवारच्या आत अबू जासिम गेले. दिगंबर दुखवट्याचे तीनही दिवस त्यांच्या मजलिसमध्ये, पुरुषांच्या बैठकीत जाऊन बसला, घरी येऊन रडला. गाडी अजूनही आम्ही ढकलतच नेतो. मी म्हणून पाहिलं, की आता कशाला? तर म्हणाला, "उम्म जासिम आहेत ना. एकट्या असतात."

परवाच्या शुक्रवारीही ढकलली. कोल्ड स्टोअरच्या कोपऱ्यावर त्याने चावी फिरवली. ती खाकरली, जागी झाली, गुरगुरायला लागली. तो डोळे मिटून ऐकत होता. मग इंजिनच्या आवाजात मला मोठ्याने म्हणाला, "अबू जासिमना आपण शेवटपर्यंत जपलं, नाही?"

मी हो म्हणाले, आणि दार उघडून त्याच्या शेजारी बसले.