पट्टीवरची पहिली ओळ

माझा धाकटा भाऊ जन्मापासून आंधळा. लॅपटॉपला जोडलेल्या ब्रेलच्या पट्टीवर बोटं ठेवली की स्क्रीनवरची ओळ बारीक ठिपक्यांनी वर उठते आणि तो ती वाचतो, माझ्यापेक्षा भरभर. त्या दिवशी येडशीच्या घरी बसून त्याला नोकरीची ऑनलाइन परीक्षा द्यायची होती. अकराच्या आत सुरुवात केली तर केली, नाहीतर दार बंद. कानाला काही लावायचं नाही, कुणी वाचून दाखवायचं नाही. सगळी भिस्त पट्टीवर, आणि पट्टी मुकी!

लॅपटॉप नवा, त्यावरची लिनक्स ही प्रणाली मीच घातलेली. ही पट्टी वापरायची परवानगी त्यात नोंदलेल्या वापरकर्त्यांच्या एका ठरावीक गटालाच असते, हे मला ऐनवेळी कळलं. भावाचं नाव त्या गटात घातलं. यादीत नाव दिसतंय, आणि मेलं मशीन म्हणतंय, परवानगी नाही. परत घातलं, परत तेच.

"नाव दिसंना व्हय तुला? डोळे फुटले का?" मी मशीनवर ओरडले आणि लगेच जीभ चावली.

"ओरड की ताई," भाऊ म्हणाला, "मला काय न्हाय वाटत." पण त्याची बोटं पट्टीवरून हलली नाहीत.

लॉगआउट करावं, तर उघडलेलं परीक्षेचं पान जाणार. मग परत आत घेतील का? या एका भीतीनं मी तीच ती आज्ञा पुन्हा पुन्हा देत बसले. रामलिंगाला नारळ बोलून झाला, रडूनही झालं.

आई दारातून म्हणाली, "निघताना कुणी शिंकलं तर आपण आत येऊन बसतो, घोटभर पाणी पितो, मग नव्यानं निघतो. तसं कर की गं."

"आई, तू गप बस!" मी खेकसले. पण दुसरं उरलं काय होतं? भावाला लॉगआउट करून बाहेर काढलं, पासवर्ड टाकून परत आत घेतलं. आधीच आत बसलेल्याला नवा गट लागू होत नाही, एवढंच होतं ते सगळं.

पट्टी कटकट करत उठली. मी परीक्षेचं पान उघडलं.

"ताई, चालतीय! लई ब्येस चालतीय!" भाऊ हसत सुटला आणि आईलाही ऐकू जावं म्हणून त्यानं पहिली ओळ मोठ्यानं वाचली, "परीक्षेत प्रवेश करण्याची वेळ संपली आहे."

शेवटच्या शब्दापर्यंत त्याचा आवाज आनंदाचाच होता.