गाडी सोडली, नोकरी नाही

"ग्लॉकोमा आहे, म्हणजे काचबिंदू. कडेची नजर गेली आहे आणि गेलेली परत येत नाही," असे डॉक्टरबाईंनी सांगितले, तेव्हा मी नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात वाहनचालक होतो. निवृत्तीला चार वर्षे होती.

साहेबांनी दया करून मला ठेवून घेतले, असे माझे सहकारी आजही सांगतात. ते असत्य आहे. या आजारात सापडलेल्या नोकरदारांनी तरी खरे काय ते जाणून घ्यावे.

दुखले काहीच नव्हते. दिंडोरी रस्त्यावर डावीकडून आलेला ट्रॅक्टर मला दिसला नाही. मागे बसलेले साहेब ओरडले म्हणून वाचलो. पुढे पेरिमेट्री, म्हणजे नजरेच्या कक्षेची तपासणी झाली. यंत्रात ठिपका दिसला की बटण दाबायचे. बराच वेळ ठिपका येईना. यंत्र बिघडले, असे मी ठणकावून सांगितले. यंत्र चालू होते.

साहेबांनी चावी काढून घेतली. ते योग्यच केले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "सरकारी नोकरी आहे ना? मग सोडू नका, दुसरं काम मागा." जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर तीन दिवस बसून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळवले. ते घेऊन कार्यालयात गेलो, तर सभागृहात खुर्च्या मांडलेल्या, शाल-श्रीफळ तयार. निरोप समारंभ माझाच होता. आस्थापना लिपिकाने स्वेच्छानिवृत्तीचा अर्जही टाइप करून ठेवला होता.

"तात्या, सही तेवढी राहिलीय. पेढे आलेत."

"पेढे वाटा. सही होणार नाही."

"नजर गेली, हट्ट नाही गेला," मागून कोणीतरी म्हणाले. हशा पिकला.

साहेब हसले नाहीत. "तात्या, उद्या अपघात झाला तर जबाबदारी माझी. गाडी देता येणार नाही."

"गाडी मागतच नाही, साहेब. काम मागतोय."

कायदा एवढाच आहे. सेवेत असताना अपंगत्व आले, तर सरकारी आस्थापनेला कर्मचारी काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलताही येत नाही. जुने काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते. मी तसा लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि रोज हजेरी लावून व्हरांड्यात बसलो. दोन महिन्यांनी गाड्यांच्या नेमणुकीचे काम मिळाले. समोरचे अक्षर मला स्वच्छ दिसत होते. चारही वर्षे पूर्ण केली.

डोळ्यांत थेंब आजही दोन वेळा घालतो. उरलेली नजर टिकली, याबद्दल डॉक्टरबाईंचा ऋणी आहे.

गेल्या वर्षी निफाडच्या एका चालकाचा पाय मधुमेहामुळे काढावा लागला. तो रुग्णालयात असतानाच त्या लिपिकाचा मला फोन आला.

"तात्या, तुमच्या अर्जाची प्रत आहे का? याला दुसरं काम द्यायचा प्रस्ताव लिहितोय."

प्रत मी स्वतः नेऊन दिली.