शून्याव्या महिन्यात जन्मलेली मुलगी

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून आहे. थोरल्या भावाच्या दाखल्यावरही एक जून, आणि वडिलांच्याही. आमच्या लोणखेड्याच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं एक जूनची होती. पहिलीत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून लिहून मोकळे. आई म्हणते, मी मिरचीच्या तोडणीत झालो. म्हणजे निदान चार-पाच महिन्यांची तफावत आहे, पण तिच्यामुळे कधी कुणाचं काही अडलं नाही. जन्मतारीख ही फॉर्म पुढे सरकावा म्हणून लिहायची गोष्ट, असं माझं पक्कं मत झालं होतं. हे मत उराशी घेऊनच मी प्रोग्रॅमर झालो.

पुण्यात सहा वर्षं नोकरी केली. तिथून मी स्वतःहून परत आलो असं घरी सांगितलं आहे, तेव्हा इथेही तेच सांगतो. परत आल्यावर तळोद्याच्या बाजूच्या एका निवासी शाळेचं काम मिळालं. डोंगरातल्या गावांमधली मुलं त्या शाळेत पाचवीपासून राहून शिकतात. जागा थोड्या, अर्ज भरमसाट, म्हणून प्रवेशपरीक्षा. शाळेची माणसं जीपने पाड्यापाड्यांवर जाऊन टॅबलेटवर अर्ज भरून आणायची. टॅबलेटवरचा प्रोग्रॅम माझा, जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला. ते अर्ज वाचून यादी आणि हॉलतिकिटं छापणारा प्रोग्रॅम नाशिकच्या एका मॅडमचा, पायथॉन या दुसऱ्या भाषेतला.

आता जावाला पायथॉन कळत नाही आणि पायथॉनला जावा. डोंगरातली खाट जीपच्या टपावरून न्यायची तर तशीच्या तशी बसत नाही. ती उकलायची, पाय वेगळे, दांड्या वेगळ्या, दोरीने गठ्ठा बांधायचा आणि उतरल्यावर दुसऱ्याने जोडायची. आमचंही तसंच. माझा प्रोग्रॅम प्रत्येक अर्ज उकलून त्याचा गठ्ठा बांधायचा, मॅडमचा प्रोग्रॅम तो सोडून अर्ज पुन्हा उभा करायचा. यात एकच अट असते: बांधणाऱ्याने आणि जोडणाऱ्याने कोणता पाय कुठला हे आधी ठरवून घ्यायचं.

मॅडमनी ते ठरवलंही होतं. एक पानभर लिहून पाठवलं होतं. तारीख कशी लिहायची, नाव कसं, गावाचा क्रमांक कसा. मी ते पान उघडलं, पान असल्याची खात्री केली आणि त्यांना अंगठा पाठवला. माझ्या अंगठ्याला त्या सही समजल्या.

काम चालू झाल्यावर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"सर, एक विचारू? तुमच्याकडच्या बहुतेक मुलांची जन्मतारीख एकच कशी?"

मी खुर्चीत रेलून हसलो. शहरातल्या माणसाला आपला मुलूख समजावून सांगायची संधी मी सहसा सोडत नाही. "मॅडम, आमच्याकडे असंच असतं. अख्खी गावंच्या गावं एका दिवशी जन्मतात. माझीसुद्धा तीच तारीख आहे."

"अरे वा! म्हणजे काळजीचं काही नाही?"

"काहीच नाही."

"आणि एक नोंद रोज नापास होतेय. पहिल्याच क्रमांकाची. तारीख वाचता येत नाही म्हणतोय."

"पहिली? ती मी प्रोग्रॅम तपासायला भरली असणार. सोडून द्या."

त्यांनी सोडून दिली.

परीक्षा एप्रिलमधल्या रविवारी होती. अकराला पेपर, पावणेअकराला गेट बंद. मी दहाला पोचलो, इस्त्रीचा शर्ट घालून. आपण केलेल्या यंत्रातून हॉलतिकिटं निघताना बघावीत, कुणी "वा" म्हटलं तर नम्रपणे "नाही, नाही" म्हणावं, एवढाच बेत होता. मुलं ओळीत होती, तिकिटं भराभर वाटली जात होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, व्हरांड्यात टेबल टाकून बसल्या होत्या. मागच्या वर्षी कुणीतरी दुसऱ्याच्याच नावावर पेपर देऊन गेलं होतं, म्हणून या वर्षी यादीत नाव नाही त्याला आत पाय नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं.

सव्वादहाला गेटवरच्या शिपायाने मला हाक मारली. "भाऊ, इकडे या. या पोरनं नाव यादीमा नही शे."

गेटबाहेर एक माणूस आणि त्याची मुलगी उभी होती. दोघांच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. पहाटे मोहाची फुलं तशीच झाडाखाली टाकून निघाले होते, दोन तास डोंगर उतरून आले आणि मग जीप मिळाली. मुलीने वेणीला नवी लाल रिबीन बांधली होती आणि पॅड छातीशी धरलं होतं.

"फॉर्म भरला होता का?" मी विचारलं. ही माझी सवय आहे. काही बिघडलं की आधी समोरच्यावर संशय घ्यायचा, मग नेटवर्कवर, मग नशिबावर.

"भरला होता साहेब."

"कुणी भरला?"

"तुम्हीच भरला."

मी त्याच्याकडे नीट बघितलं, आणि ओळख पटली. काम सुरू व्हायच्या दिवशी शाळेच्या माणसांना टॅबलेट कसा वापरायचा हे दाखवायला मी स्वतः वर गेलो होतो. पहिला अर्ज याच्या अंगणात बसून भरला होता. त्याने पिशवीतून जन्माचा दाखला काढला होता, आरोग्य केंद्राचा, अठरा जानेवारीचा. मी, सुधारलेला शहाणा, त्याला म्हणालो होतो, "दादा, जानेवारी कशाला? एक जून टाकू का? वय कमी भरेल, पोरीला पुढच्या वर्षीही परीक्षा देता येईल." त्यावर तो म्हणाला होता, "तिची आई अडली होती साहेब. चार जणांनी बांबूची झोळी खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेली. तो दिवस मी कसा बदलू?" मी अठरा जानेवारीच टाकलं होतं, आणि जीपमध्ये बसेपर्यंत विसरलोही होतो.

म्हणजे रोज नापास होणारी ती पहिली नोंद माझ्या चाचणीची नव्हतीच. ती ही मुलगी होती. आणि वयाच्या अटीप्रमाणे हे तिचं शेवटचं वर्ष.

दहा वाजून बावीस मिनिटं. मोठ्या बाईंकडे गेलो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "यादीत नाव आणा, मुलगी आत घेते. तुमचंच मशीन आहे ना?"

शिपाई मागून आला होता. "मशीन झोपी गयं व्हतं का भाऊ?" असं म्हणून तो परत गेटकडे गेला. उत्तराची त्याला गरज नव्हती.

नाशिकला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तर मागे बँड वाजत होता.

"सर, मी हळदीला आलेय! हात पिवळे आहेत माझे!"

"मॅडम, एक मुलगी यादीतून राहिली आहे. वीस मिनिटांत गेट बंद होतंय."

"लॅपटॉप गाडीत आहे. पण बिघाड शोधायलाच अर्धा तास जाईल हो. तुमच्याकडून काही करता येईल का?"

करता येण्यासारखं होतं. टॅबलेट माझ्या हातातच होता. त्या अर्जावर अठरा जानेवारीच्या जागी एक जून टाकायचं, पाठवायचं, दोन मिनिटांत नाव यादीत. सगळ्या पोरांची तारीख चालते तर हिचीही चालेल. मी मुलीच्या बापाकडे वळलो. "दादा, आता फक्त तारीख बदलतो. परीक्षेपुरती. नंतर नीट करू."

त्याने मुलीकडे बघितलं. तिने पॅडला लावलेला प्लास्टिकच्या पिशवीतला दाखला काढला आणि माझ्यासमोर धरला. "यावर अठरा जानेवारी आहे," ती म्हणाली. "पास झाल्यावर हा बघतात. दोन वेगळ्या तारखा दिसल्या तर?"

अकरा वर्षांची मुलगी. मी दोन पदव्या घेतल्या आहेत.

"तेही करू नंतर," मी म्हणालो. माझं बोट पडद्यावर टेकलेलंच होतं. फोनवर मॅडमना सांगितलं, "मॅडम, मी तारीख एक जून करून पाठवतो. सगळ्यांची आहे तशी."

बँडच्या आवाजातून त्या ओरडल्या, "कुठली?"

"एक जून!"

"पण माझ्याकडे तर सगळे एक मे आहेत!"

बोट मी पडद्यावरून उचललं.

जावाची महिने मोजायची एक जुनी पद्धत आहे. तिच्यात जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक, आणि जून पाच. मी आळसाने तो आकडाच गठ्ठ्यात बांधून पाठवला होता. मॅडमच्या पायथॉनमध्ये महिने माणसांसारखे एकपासून मोजतात. तिकडे पाच म्हणजे मे. जूनची सगळी पोरं महिनाभर आधी जन्मली आणि कुणाला पत्ता लागला नाही. सगळ्यांची तारीख सारखी असणं हे आमच्याकडे इतकं रोजचं, की ती कोणती आहे हे बघायची गरजच वाटली नाही. मला तर नाहीच, कारण मी मॅडमना प्रवचन देण्यात गुंतलो होतो. आणि जानेवारीचा पोचला शून्य. शून्यावा महिना कुठल्याच पंचांगात नसतो. पायथॉनने ती नोंद बाजूला काढली, आणि तिला सोडून द्यायला मी सांगितलं.

मी आजूबाजूला बघितलं. व्हरांड्यात, पायऱ्यांवर, वडाच्या सावलीत पोरं हातात तिकिटं घेऊन बसली होती, आणि प्रत्येक तिकिटावर चुकीची जन्मतारीख होती. दहा वाजून एकतीस मिनिटं.

खरं सांगतो, पहिला विचार आला तो गप्प बसायचा. हिच्या एकटीची नोंद काहीतरी करून आत ढकलावी, बाकीच्या तारखा घरी जाऊन गुपचूप दुरुस्त कराव्यात, कुणाला काय कळतंय. पण मुलगी दाखला तसाच समोर धरून उभी होती. पिशवी खाली घेत नव्हती. निवड झालेल्या प्रत्येक पोराचा दाखला तिकिटाशी ताडून बघणार होते. आज मी गप्प बसलो, तर आज हिचं एकटीचं झालं ते तेव्हा सगळ्यांचं होणार होतं.

मोठ्या बाईंच्या टेबलापाशी गेलो. "बाई, यादी चुकलीय."

"एक नाव ना? सांगितलं मी—"

"सगळीच. तारखा सगळ्या चुकल्यात. चूक माझी आहे. शाळेची नाही, आणि नाशिकच्या मॅडमचीही नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. एक तिकीट उचललं, मग दुसरं, मग तिसरं. ओठ न हलवता वाचत होत्या. गेटवरून शिपाई ओरडला, "बाई, गेट बंद कराना टाइम व्हई ऱ्हायना!"

"थांब!" बाई त्याच्यावर ओरडल्या, पण बघत माझ्याकडे होत्या. मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा. काय झालं, कुणामुळे झालं, ही मुलगी कशी राहिली. हाताने लिहा. सही करा. तुमच्या मशीनवर माझा विश्वास नाही, तुमच्या सहीवर ठेवते."

बऱ्याच वर्षांनी हाताने अर्ज लिहीत होतो. "महिना" हा शब्द दोनदा खोडला. बाई घड्याळाकडे बघत होत्या, बाप माझ्या पेनाकडे, आणि मुलगी आत, वर्गाच्या दाराकडे. कोणामुळे काय चुकलं हे सहा ओळींत बसवलं. सहावी ओळ "यास मी जबाबदार आहे" अशी होती. ती लिहिताना इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

बाईंनी वाचलं, दाखला हातात घेतला, आणि एका कोऱ्या तिकिटावर स्वतःच्या अक्षरात नाव, गाव, अठरा जानेवारी असं लिहून शिक्का मारला. "जा. शेवटचा बाक."

ती पळाली नाही. भरभर चालत गेली, दारात चपला काढल्या, नीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि आत गेली. अकराला तीन मिनिटं कमी होती. गेट त्या दिवशी बारा मिनिटं उशिरा बंद झालं. ते शिपायाने मला नंतर दोनदा ऐकवलं.

पेपर चालू असताना मॅडमनी गाडीत बसून महिन्यात एक मिळवला. मी फोनवर म्हटलं, "मॅडम, ते तुमचं पान आज वाचतो." त्या म्हणाल्या, "आता कशाला? आता तुम्हाला पाठच झालं असेल." बँड थांबला होता. मी शाळेच्या प्रिंटरवर सगळी तिकिटं नव्याने छापत बसलो. प्रत्येक तारीख अर्जाशी ताडून बघत होतो, मोठ्याने वाचत होतो. प्रिंटर दोनदा अडकला.

पेपर सुटल्यावर पोरं बाहेर आली. जुनी तिकिटं देऊन नवी घ्यायची, असं बाईंनी सांगितलं होतं. ती ओळीत सगळ्यात शेवटी आली. बापाने त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं, तिने तीन बोटं दाखवली. तीन प्रश्न सोडवायचे राहिले, असा मी अर्थ लावला.

मी नवं तिकीट दिलं. तिने ते घेतलं, पण निघाली नाही. दाखला पुन्हा पिशवीतून काढला, तिकिटाशेजारी टेबलावर ठेवला आणि बोट फिरवत दोन्ही वाचले. आधी नाव. मग गाव. मग दिवस, महिना, वर्ष. महिन्यावर बोट जरा जास्त वेळ थांबलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि दोन्ही कागद एकत्र पिशवीत घातले.