दस्तगीर गुरुजींची माफीची फेरी

तळेगावचे दस्तगीर गुरुजी हजला निघाले तेव्हा बॅग त्यांनी महिनाभर आधी भरली, पण जाण्यापूर्वी रिवाजाप्रमाणे सगळ्यांची माफी मागायचं काम मात्र मोबाइलवर उरकलं. ‘काही चुकलं असल्यास माफ करावे’ असा निरोप दोनशे चौदा जणांना एका दमात पाठवला. उत्तरादाखल अंगठ्यांचा ढीग पडला. गुरुजी खूश!

या खुशीवर पाणी ओतलं ते मशिदीतल्या मौलानांनी. नमाज चुकली तर ते तुमचं आणि अल्लाचं, असं त्यांनी बजावलं. पण हक्कुल इबाद, म्हणजे माणसाचे माणसावरचे हक्क, अल्लाही परस्पर माफ करत नाही. कुणाची अब्रू घेतली असेल तर त्याच्याच दारी जायचं, त्यानंच सोडायचं. पस्तीस वर्षं पोरांचे कान पिळलेले गुरुजी हबकलेच.

दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार फिरू लागले. रूपरावांकडे चहा झाला, दीपमालाबाईंकडे पोहे झाले. माफी मागतील तिथं मिळत होती आणि गुरुजींचं वजन तेवढं वाढत होतं.

मग हायवेवरचं कवडूचं पंक्चरचं दुकान आलं. कवडू त्यांचा जुना विद्यार्थी.

“माफ नाई करत, गुरुजी,” तो ट्यूब घासत म्हणाला.

“काऊन रे?”

“चौथीत तुमचा पेन हरवला, तं तुम्ही मले साऱ्या शाळेसमोर चोर म्हटलं. आठवते?”

गुरुजींना चांगलंच आठवत होतं. तो पेन तिसऱ्या दिवशी त्यांच्याच कोटाच्या खिशात सापडला होता, हेही. गुरुजी चुकतात हे पोरांना कळलं तर शिस्त बिघडेल, असा थोर विचार करून त्यांनी तोंड मिटलं होतं.

“सापडला होता रे तो,” गुरुजी पुटपुटले. “माफ कर.”

“चोर म्हणतानी आवाज मोठा होता तुमचा. अन् माफी अशी कानात?”

घरी येऊन गुरुजींनी कवडू माजल्याची तक्रार केली. त्यांच्या बायकोनं, हलीमाबींनी, भाजी चिरता चिरता सुनावलं, “अपना हक माँग रहा वो. उसको वैसाच छोडके काबे को जाते क्या?”

शुक्रवारी शाळेच्या पटांगणात गुरुजींचा सत्कार होता. गळ्यात हार पडल्यावर त्यांनी माइक हातात घेतला.

“कवडू चोर नव्हता,” ते म्हणाले. “पेन माझ्याच खिशात सापडला. मी बोललो नाई. माफ कर, बाबा.”

 गर्दीतून कवडू पुढे आला, त्यानं हात जोडले.

“माझा हक्क सोडला, गुरुजी. खुशाल जा.” मग त्यानं जोडलेले हात खाली घेतले. “पण त्या दिवशी मायनं मले लय मारलं. मरेपर्यंत मलेच चोर समजत राह्यली. तिचा हक्क म्या कसा सोडू?”

भर सभेत गुरुजींना रडू कोसळलं.