वाशीला निघालेले सहा डबे

जिवंत मासा लांब पाठवायचा असेल तर त्याला आधी उपाशी ठेवावं लागतं. हे मी दहा दिवसांच्या सरकारी प्रशिक्षणात शिकलो होतो आणि गावी येऊन भेटेल त्याला ऐकवत सुटलो होतो. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन. तोंड सुतळीनं आवळायचं, पिशवी पत्र्याच्या डब्यात उतरवायची, डब्याला ओलं गोणपाट गुंडाळायचं. आणि निघायच्या आधी एक दिवस तरी दाणा द्यायचा नाही, कारण भरल्या पोटाचा मासा वाटेत घाण करतो, पाणी नासतं आणि सगळेच मरतात. आमच्या मच्छीमार सोसायटीत मॅट्रिक झालेला मी एकटा, म्हणून सेक्रेटरी, आणि त्याचा मला भलताच तोरा होता.

आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात, बेंबळीच्या अलीकडं. तलाव बहात्तरच्या दुष्काळी कामावरचा, माझ्या आईवडिलांनीच डोक्यावर माती वाहून बांधलेला. पुढं तो आम्हा भोयांच्या सोसायटीला मिळाला आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दहा-बारा वर्षं त्यात जाळं टाकलं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती. मी सांगतोय त्या साली आषाढात दोन बरे पाऊस झाले. तेवढ्या भरवशावर आम्ही रोहू-कटल्याचं बीज, म्हणजे माशांची बारकी पिल्लं, आणून सोडलं. श्रावण कोरडा गेला. भादव्यात तलावात म्हशी बसतील एवढंच पाणी राहिलं आणि आमची बोटाएवढी पिल्लं तोंडं वर काढून फिरायला लागली.

दसरा झाला की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जाणार हे ठरलेलंच होतं. मुकादम आमच्याही ओट्यावर बसून गेला होता. आबांचे गुडघे गेले होते. उसाच्या फडात ते एक हंगामसुद्धा काढणार नाहीत हे मला दिसत होतं आणि त्यांनाही. तेवढ्यात आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका सोसायटीचा निरोप आला. त्यांच्या तलावात पाणी होतं, पण बीज मिळालं नव्हतं. त्यांचे चेअरमन म्हणत होते, पिल्लं जिवंत पोचवा, मग तुमचं बिऱ्हाड घेऊन या आणि आमच्याबरोबर जाळं टाका. आबा त्या दिवशी किती तरी महिन्यांनी हसले. मुकादमाला त्यांनी "थांबा" म्हणून सांगितलं.

आम्ही पिल्लं धरून घरामागच्या हौदात आणून ठेवली. आबांना सांगितलं, सोसायटीच्या चौघांना सांगितलं की कुणी दाणा टाकायचा नाही. मायला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलोय, पण ते खरं नाही. तिला यातलं काय कळणार, असंच मला वाटलं होतं. मी ऑक्सिजनचं नळकांडं मागायला उस्मानाबादला एका वेल्डिंगवाल्याकडं गेलो आणि दिवे लागायच्या वेळेला परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा डबे भरले. माझ्या हातून एकही पिशवी फुसकी बांधली गेली नाही, इतका मन लावून बसलो होतो. मायनं माझ्या पिशवीत भाकरी आणि ठेचा बांधून दिला. आबा एसटीपर्यंत आले. टपावर डबे चढवताना कंडक्टरला दोनदा म्हणाले, "सायब, हळू. जीव हायेत त्यात."

उस्मानाबादला गाडी बदलली तेव्हा सगळं ठीक होतं. येरमाळ्याला दुसऱ्यांदा बदलताना मी एका डब्यावरचं गोणपाट उचललं. पाणी ताकासारखं गढूळ झालं होतं. पिल्लं वर आली होती आणि बरीचशी आडवी झाली होती. पाणी बदलायचं तर पिशव्या उघडाव्या लागणार, आणि पुन्हा भरायला ऑक्सिजन नव्हता. शिवाय पाणी तरी कुठलं? स्टँडाजवळच्या हापशावर घागरींची ही लांब रांग लागली होती. माणसांच्या पाण्यात माशांसाठी हात घालायची माझी छाती झाली नाही. मी तसाच वाशीच्या गाडीत बसलो. मेलेले मासे घेऊन निघालोय हे मला कळत होतं, आणि तरी मी प्रत्येक खड्ड्याला टपाकडं बघत होतो.

चेअरमन म्हातारे होते, पांढऱ्या दाढीचे, मुसलमान. त्यांनी पिशव्या तलावात तरंगत ठेवल्या, पाण्याला पाणी सरावावं म्हणून, जसं ठेवायचं असतं तसंच. मग एकेक तोंड सोडलं. पिठाचा आंबूस वास आला. सहा डब्यांतून सात-आठ पिल्लं हलली असतील. ती खोल पाण्यात गेली आणि दिसेनाशी झाली.

"नशीब बेटा," ते म्हणाले. "आता आमच्या लोकांला मी काय सांगू? चल, आधी जेव." आणि मी जेवलो. मला भूक लागली होती, याची अजून लाज वाटते.

घरी पोचलो तर माय दारातच उभी होती. "पोचले का रं नीट? तू उस्मानाबादला गेल्यावर म्या पोटभर घातलं त्यान्ला. निस्ती तोंडं वासत हुती बिचारी. माझ्या वाटणीचं पीठ कालवून घातलं. एवढ्या लांब कुणाला उपाशी लावत्यात व्हय?"

मी तिच्यावर ओरडलो. गल्ली गोळा होईल इतका ओरडलो. तूच मारलंस त्यांना, म्हणालो. पोट रिकामं असलं की वाटेत त्रास होत नाही, हे येड्या माणसालाही कळतं, म्हणालो. ती ऐकत राहिली. आबा खाटेवरून उठले, चपला पायात सरकवल्या आणि मुकादमाकडं गेले.

दसऱ्यानंतर ट्रक आला. आम्ही तिघंही चढलो. प्रत्येक बाईच्या मांडीवर भाकरीचं फडकं होतं. मायच्या हातात फक्त कोयता आणि घमेलं होतं. आबा फाळक्याला टेकून पाय लांब करून बसले होते. त्या हंगामानंतर ते पुन्हा तलावात उतरले नाहीत, काठीशिवाय दारापर्यंतही जाणं त्यांना जमेना.

"माय, वाटंत खायला?" मी विचारलं.

"न्हाय बांधलं," ती म्हणाली. "पोटात काय नसलं म्हंजी वाटंत तरास होत न्हाय म्हणं. तूच बोललास न्हवं?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती मला टोमणा मारत नव्हती. मी शिकलेला, म्हणून तिनं ते खरं मानलं होतं.