मल्ली हाय का?

"मल्लीला मारायचं काम नव्या वहिनींकडून करून घेऊ. काय झालंच, तर नवीन होत्या म्हणता येतंय की!"

हे मी ऐकायला नको होतं. पार्टिशनच्या अलीकडे मी पाण्याची बाटली भरत होते, पलीकडे आमचे शिवानंद सर इम्तियाजभाईंना सांगत होते. नव्या वहिनी म्हणजे मीच, माझं प्रोबेशन चालू होतं. म्हणजे काही बिघडलं तर नोकरी माझीच जाणार, हे ठरलंसुद्धा! आमच्याकडचे किस्से माझ्यापाशी असेच साठतात. न बोलणारं माणूस जवळपास आहे, हे लोक विसरूनच जातात.

मल्ली म्हणजे माणूस नव्हे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरींच्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटाला चिकटून, आमची कॉम्प्युटरची खोली आहे. मैंदर्गीचा मल्लिनाथ इथं पूर्वी कामाला होता. त्यानं लेबलांसाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली, तिच्या नावात आपलं 'मल्ली' घातलं, बॅकग्राउंडला सोडली आणि नोकरी सोडून गेला. मागं ती चालूच! तिची फाइलसुद्धा कुणीतरी साफसफाईत उडवली, तरी मेमरीत ती जिवंत. ती नक्की काय करते, कुणालाच माहीत नाही. म्हणून तिला हात लावायची कुणाची छाती नाही.

रोज सकाळी चहाच्या आधी सर केबिनमधून विचारतात, "मल्ली हाय का?"

इम्तियाजभाई चालू प्रोसेसच्या यादीत 'मल्ली' हे नाव शोधतात. "हाय, सर!"

मग चहा येतो.

*

बॅकग्राउंडची धास्ती मल्लीपुरती नाही. कमांडच्या शेवटी 'अँड'ची खूण (&) टाकली की काम मागं जातं, स्क्रीन मोकळी होते. पण कनेक्शन तुटलं तर ते काम मरू शकतं. त्यावर साधा उपाय असतो. पण सरांचा उपायांवर विश्वास नाही.

एकदा इम्तियाजभाई मित्राच्या बाइकवर मागं बसून घरी निघाले, मांडीवर उघडा लॅपटॉप! सिग्नलला एका रिक्षावाल्या चाचांनी वाकून पाहिलं. "क्या मियाँ, कौनसा पिक्चर?"

"पिक्चर कायका चाचा! महिने का हिसाब चल रहा. ढक्कन लगाया तो सब मरता!"

चाचांनी रिक्षा जरा लांब घेतली.

*

मग लेबलांचा दिवस आला.

सरांनी स्वतः लेबलं छापायला घेतली. काम बॅकग्राउंडला गेलं, त्यामुळे स्क्रीनवर काहीच दिसेना. सरांनी तीच कमांड परत दिली. परत दिली. थोड्या वेळानं प्रिंटर जो सुटला, तो थांबेचना. सरांच्या गळ्यात लेबलांच्या माळा!

"अय्यो, बंद कर की रे!"

"कौनसा बंद करू, सर? लई हायत!"

"नावात लेबल असलेलं सगळं मार!"

इम्तियाजभाईंनी सगळं मारलं. प्रिंटर गप्प झाला. सगळे हसले. मीही हसले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रश्न. "मल्ली हाय का?"

"हाय, सर!"

मी शेजारून स्क्रीन पाहिली. या शोधात रोज दोन ओळी यायच्या. आज एकच होती. ती एक कुणाची, हे लक्षात आलं. मल्ली नव्हता! त्याच्या पूर्ण नावात 'मल्ली'बरोबर 'लेबल'ही होतंच.

सांगावं, तर पहिला प्रश्न येणार: शेजारी कोण बसलं होतं? उत्तर पार्टिशनपलीकडे आधीच तयार होतं.

आठवडाभर मी कान टवकारून बसले. पार्सलं अडतील, ऑर्डरी गायब होतील, मालक दार ढकलून आत येतील. फोन वाजला की मी दाराकडे बघायचे. पार्सलांचा टेम्पो गेटाबाहेर पडला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. आणि रोज सकाळी, "हाय, सर!"

*

याच आठवड्यात मी झोपेत बोलले. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. सकाळी नवऱ्यानं दाढी करता करता आरशातूनच विचारलं, "मल्ली कोण गं?"

"ऑफिसातला आहे."

"'मल्ली, जाऊ नको' म्हणत होतीस."

स्वयंपाकघरात सासूबाईंचं भाकरी थापणं थांबलं. मी सगळं समजावून सांगितलं. ऐकून सासूबाई म्हणाल्या, "नवरा बरा असतो गं. दिसतो तरी!"

*

शेवटी तो दिवस उजाडला. जुना सर्व्हर काढायचा होता, आणि त्याआधी मल्ली बंद करून काय होतंय ते बघायचं होतं. सकाळचा 'हाय' झाला, चहा झाला. मालक स्वतः येऊन खुर्चीमागं उभे राहिले. सरांनी गणपतीच्या तसबिरीला हात जोडले. इम्तियाजभाई पुटपुटले, "या अल्ला!"

मग सर एकदम गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमच्याच हातानं होऊ द्या. शुभ असतंय नव्या माणसाचा हात."

स्क्रीनवर ती एकच ओळ. मी कीबोर्डवर बोटं ठेवली. मालकांचा श्वास मानेवर जाणवत होता. मी बोटं उचलली, खुर्ची वळवली आणि त्या खोलीत पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"सर, मारायला इथं कुणी नाहीये. लेबलांच्या दिवशी सगळ्यांबरोबर मल्लीही गेला. ही जी ओळ दिसतेय ना, ती आपल्या शोधण्याची आहे. शोधणं हेही एक चालू कामच, आणि त्यात आपण त्याचं नाव टाकतो, म्हणून ती यादीत येते. आठवडाभर रोज सकाळी आपण आपल्यालाच बघतोय, आणि 'हाय' म्हणतोय!"