नातू गिरणीत झोपायचा

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. घरात विषय निघाला की मला हमखास बाहेर काहीतरी काम आठवायचं. आता गुडघे असे झालेत की मी उठेपर्यंत विषयच संपतो. म्हणून बसल्या बसल्या लिहून टाकतो.

करडीजवळच्या आमच्या गावाबाहेर, रस्त्यालगत, माझी धान भरडायची लहानशी गिरणी होती. मुलगा नागपुरात नोकरीला, रविवारी यायचा. सून आमच्याजवळ राहायची. ती तुमसरच्या एका खाजगी शाळेत शिकवायची आणि तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सकाळची शाळा, पहाटेची बस. नातू मांडीवर मावेल एवढा, पण रात्री अख्खं घर जागवायचा. शाळेने स्पष्ट सांगितलं होतं, दिवाळीनंतर आली नाहीस तर जागा भरू.

म्हणून सुनेने पद्धत ठरवली. अंधार पडला की कोमट पाण्याने आंघोळ, तेल, दूध, मग दिवा बारीक आणि पाळणा. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने.

"मामाजी," ती मला म्हणाली, "दुपारची झोप होते त्याची. मंग संध्याकाळी मात्र झोपू देऊ नका जी. बाकी सारं माझ्यावर सोडा."

ती स्वयंपाकाला लागली की नातू माझ्या ताब्यात. काम एवढंच, लेकराला जागं ठेवायचं. गोठ्यातल्या म्हशीलाही जमलं असतं.

पहिल्याच दिवशी शेजारच्या खेड्यातलं एक गिऱ्हाईक पोतं घेऊन आलं. नातवाला खांद्यावर टाकून मी गिरणीत गेलो. हलर, म्हणजे धान भरडायचं यंत्र, धडधडत सुरू झाला आणि पसाभर तांदूळ पडायच्या आत हा गडी घोरायला लागला.

"काय जी बुढेबा," गिऱ्हाईक म्हणालं, "लेकराले भूल देली का काय?"

जे त्याच्या आईला आणि आजीला जमत नव्हतं ते मला जमलं होतं. मी असा फुगलो म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत, कोंडा उडत नाही तिथे, जुन्या लुगड्याची झोळी बांधली. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं कौतुक करायची आणि मी एखाद्या बुवासारखी मान हलवायचो. सगळी बाहेरगावची, म्हणून घरी बातमी पोचली नाही. अडचण एकच होती. हलर थांबला की नातू डोळे उघडायचा. मग मी धान नसतानाही हलर चालवायला लागलो. हलर रिकामा चालवला की लोखंडच लोखंडाला खातं, हे मला मिसरूड फुटायच्या आधी बापाने शिकवलं होतं. दुरुस्तीवाल्याने आतली जाळी पाहिली आणि म्हणाला, "मामा, धान भरडून राहिले का गोटे?" मी जाळी बनवणाऱ्याला शिव्या घातल्या.

घरी आलो की सून दारातच विचारायची, "झोपला तर नाही ना जी?"

"कायचा झोपते! टकामका पाहून राहिला होता."

मग आंघोळ, तेल, दूध, बारीक दिवा. आणि पाळण्यात नातू, सरपंचपदाला उभा राहिल्यासारखा ताजातवाना, सगळ्यांकडे पाहून हसतोय. हसून झालं की रडायचा. सून भिंतीला टेकून पाळण्याची दोरी ओढत राहायची. मी पलीकडच्या खोलीत खोटं खोटं घोरायचो.

सकाळी बायको सुरू व्हायची. "मोबाइलात पाहून लेकरू झोपवते म्हणे! आमी काय पोरं वाढवले नाही?"

"आत्याबाई, माझं कुठं चुकून राहिलं ते तरी सांगा."

मी बशीत चहा ओतत होतो. बशी भरून सांडली.

दिवाळी झाली. सुनेने शाळेत फोन करून आणखी थोडे दिवस मागितले. पलीकडून नकार आला. फोन ठेवून ती अंगणातली दुपटी काढायला गेली. सगळी ओलीच होती, तरी ती घड्या घालत राहिली.

तेव्हा मी घाबरलो. त्या दिवसापासून नातवाला गिरणीत नेलं नाही. तलावाच्या पाळीवर फिरवलं, बगळे दाखवले, तोंडं वेडावली, पण जागं ठेवलं. थोड्याच दिवसांत तो पाळण्यात टाकला की सकाळपर्यंत झोपायला लागला. सुनेची पद्धत पहिल्यापासून बरोबर होती. पण तोवर शाळेने तिची जागा भरली होती.

"मोठं झालं की झोपतेच लेकरू," बायको म्हणाली.

"हो ना," सून म्हणाली. "मीच उगाच घाई केली."

मला गिरणीत काहीतरी काम आठवलं.

आता नातू सायकलने शाळेत जातो. सून घरीच शिकवण्या घेते. परवा ती ओसरीत पोरांच्या वह्या तपासत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी समोर जाऊन बसलो.

"बाई, तुह्या शाळेचं..."

तिने पेन थांबवलं. "काय जी मामाजी?"

चूक तुही नोयती, लेकराले मीच झोपवत होतो, मले माफ कर. एवढंच म्हणायचं होतं. सगळं जिभेवर आलं होतं.

"चहा मांड म्हटलं," मी म्हणालो.